हयातीतले घर

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांची बैठक कोणत्याही गावात भरलेली असो आणि विषय प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा असो की सहलीच्या वर्गणीचा, शेवटी चहाचे कप गोळा होत असताना कोणीतरी तो प्रश्न काढतेच: "आमच्यामागे याचे काय?" माझ्या आईच्या तोंडून मी तो शाळकरी वयापासून ऐकत आले. माझा धाकटा भाऊ डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला, आता त्याने चाळिशी ओलांडली आहे, आणि गेली काही वर्षे तो आमच्या घरी नव्हे, तर त्याच्यासारख्याच प्रौढांच्या एका सामूहिक निवासात राहतो. आई-बाबा दोघेही हयात आहेत. त्यामुळे मला त्या प्रश्नाविषयी थोडे वेगळे म्हणायचे आहे. तो कळवळ्यातून येतो यात शंका नाही. पण तो मरणाशी बांधलेला असल्यामुळे मुलाचे घर ही आपल्याकडे तेराव्यानंतर सुरू करायची व्यवस्था होऊन बसली आहे, आणि माझ्या मते सगळे बिघडते ते तिथेच.

हा प्रश्न तसा जुना नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान 1983 मध्ये अमेरिकेतसुद्धा 25 वर्षांच्या आसपास होते. आज ते 60 च्या घरात गेले आहे. जन्मजात हृदयदोषावर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागली, छातीच्या संसर्गावर औषधे मिळाली आणि मुले मोठ्या संस्थांच्या कोंदट कक्षांऐवजी घरात वाढू लागली, याचा हा परिणाम. भावाच्या जन्मानंतर डॉक्टरांनी आईला "फार पुढचा विचार करू नका" असे सांगितले होते आणि त्या काळाच्या अनुभवानुसार ते वावगेही नव्हते. पण मूल जगले, मोठे झाले, त्याचे केस पिकले, आणि एकाच घरात वडील व मुलगा बरोबरीने म्हातारे होऊ लागले. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आठवड्याच्या गोळ्यांच्या दोन डब्या शेजारी शेजारी असत, एक बाबांची आणि एक त्याची. दोन्हींत थायरॉइडची गोळी होती.

"पूर्वी एकत्र कुटुंबात अशी मुले सहज सामावली जात," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते बोलणाऱ्याला थांबवून विचारावेसे वाटते: सामावून घेणारे हात कोणाचे होते? बहुतेक घरांत ते एखाद्या विधवा आत्याचे नाहीतर थोरल्या सुनेचे असत, आणि तिला कोणी विचारलेले नसे. माझ्या लग्नाच्या वेळी पोह्यांच्या बशा हातात असताना प्रत्येक स्थळाने अगदी सौम्य शब्दांत एकच चौकशी केली, की भावाची जबाबदारी पुढे कोणाकडे असेल. आई उत्तर देई, "त्याची सोय आम्ही करून ठेवणार आहोत." अशी कुठलीच सोय तेव्हा दृष्टिपथात नव्हती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

लहान मुलांसाठी महाराष्ट्रात काहीच नव्हते असे नाही. मुंबईत जय वकील शाळेचे काम 1944 मध्ये सुरू झाले आणि पुढच्या दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा निघाल्या. परंतु शाळा म्हटली की ती अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर फार तर कार्यशाळा, म्हणजे पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या, पाकिटे, दिवाळीत उटणे. आणि संध्याकाळी पुन्हा घर, जिथे आई दर वर्षी थोडी अधिक थकलेली. ज्यांना घरच नाही त्यांची अवस्था याहून बिकट. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव देऊन वाढवणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे एकच मागणी करत आले, की अठरा पूर्ण झाली म्हणून या मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात देशभरातून 15 लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली होती; त्यांतली जी मुले होती, त्यांपैकी बरीचशी आता प्रौढ झालेली आहेत.

ज्या गोष्टी शासनाने उभारल्या नाहीत त्या पालकांनी उभारल्या. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचे 'घरकुल', पुण्याच्या पश्चिमेला मारुंजीचे 'नवक्षितिज', मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यातले 'साधना व्हिलेज' ही नावे पालकांच्या बोलण्यात हटकून येतात. साधना व्हिलेजमागे कॅम्पहिल या युरोपीय चळवळीची प्रेरणा आहे. व्हिएन्नाहून परागंदा झालेल्या कार्ल कोनिग या डॉक्टरने स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ 1940 च्या सुमारास सुरू केलेल्या या वसाहतींमध्ये मदत करणारे आणि मदत घेणारे एकाच घरात राहतात, एकाच ताटाला बसतात. कोळवणमध्ये तिचे मराठी रूप झाले आणि आजूबाजूच्या गावांतली विकासाची कामेही संस्थेने अंगावर घेतली, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. कारण आपल्याकडचे बहुतेक निवास गावाबाहेर आहेत. जमीन तिथेच परवडते. माहितीपत्रकात त्याला निसर्गरम्य परिसर म्हणतात, परंतु जिथे बस पोचत नाही, शेजारी नाही, वाणी नाही, तिथे राहणाऱ्याची ओळख फक्त संस्थेतल्या माणसांशी होते. साधना व्हिलेजने गावाशी नाते जोडून ही अडचण निम्मी सोडवली. सगळ्यांनाच ते जमते असे नाही.

धाकट्याला पाठवायचे ठरले तेव्हा नातेवाइकांनी जे म्हणायचे ते म्हटले. "आई-बाप जिवंत असताना पोराला आश्रमात टाकले" हे वाक्य आमच्यापर्यंत पोचेल अशाच बेताने बोलले गेले. मला त्यातली गंमत अशी वाटते, की त्याच नातेवाइकांची धडधाकट मुले पुण्या-बंगळुरूला, काही तर थेट न्यू जर्सीला राहतात आणि त्याबद्दल पेढे वाटले गेले आहेत. पस्तिशी ओलांडलेला माणूस आई-वडिलांपासून वेगळा राहतो ही जगरहाटी आहे. ती बौद्धिक दिव्यांगाच्या बाबतीतच निष्ठुरपणा का ठरावी, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

तो निवासात जाण्याआधी बाबांनी एक दोनशेपानी वही लिहून काढली. बाबा बँकेत होते, त्यामुळे वहीला अनुक्रमणिका होती आणि समासात लाल शाई. आंघोळीचे पाणी किती कोमट, वरणावर तूप आधी की नंतर, गडगडाट झाला की खिडकी लावून कोणते गाणे म्हणायचे, अनोळखी माणसाला तो आधी नाव विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलत नाही, असे सगळे. 'आजार' या सदराखाली एक ओळ होती: दुखत असेल तेव्हा सांगत नाही, उजवा कान चोळतो. निवासात गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री तिथल्या मावशींचा आईला फोन आला, "ताई, कान चोळतोय, पण कानात काही दिसत नाही." आईने फोनवरच सांगितले, खालच्या ओठाच्या कडेने बोट फिरवून बघा. दाढेला गळू झाले होते. वहीत 'कान' होता, 'दाढ' नव्हती. ते ज्ञान आईच्या बोटात होते. अशा शेकडो गोष्टी पुढची दोन-तीन वर्षे अशाच, एकेका फोनमधून, आईकडून मावशींकडे गेल्या. मावशींना उलट विचारता आले, कारण उत्तर देणारी बाई जिवंत होती. वडिलांच्या चौदाव्या दिवशी ट्रंक घेऊन नव्या जागी पोचलेल्या माणसाच्या वाट्याला हे येत नाही. आई-वडील, घर, शेजार, भाषेच्या लकबी, सगळेच त्याच्याकडून एका फटक्यात जाते, आणि तो गप्प झाला की नव्या जागेतले लोक म्हणतात, हा शांत स्वभावाचा आहे.

भावाच्या निवासात भिंतीवर कामांचा तक्ता आहे. वाचता न येणारेही त्यात आहेत, म्हणून कामांची चित्रे आहेत: केरसुणी, लाटणे, चिमटे लावलेली दोरी, लसणाचा गड्डा. चित्राखाली ज्याची पाळी त्याचा फोटो चिकटवायचा. धाकट्याला केर काढायला अजिबात आवडत नाही आणि लसूण सोलायला फार आवडते, म्हणून तो सकाळी लवकर उठून फोटोंची अदलाबदल करी. ज्याचा लसूण जाई तो बिचारा निमूटपणे झाडत असे, आणि हे बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. उघडकीस आल्यावर व्यवस्थापकांनी त्याला रागावण्याऐवजी सर्वांना बसवून प्रत्येकाला नको असलेले एक काम वगळायची मुभा दिली. मी त्या दिवसापासून त्या माणसाला मानते. लबाडी करता येणे हेसुद्धा प्रौढपणाचे लक्षण आहे. आमच्या घरात त्याला लबाडी करायची वेळच येत नसे, कारण त्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच ठेवत नव्हते.

नवीन निवास पाहायला जाणारे पालक माझ्याकडे चौकशी करतात तेव्हा ते जेवण, डॉक्टर, सीसीटीव्ही आणि कुंपण यांविषयी विचारतात. मी त्यांना दुसऱ्या गोष्टी बघायला सांगते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते? न्हाणीघराला आतून कडी आहे का? कोणाबरोबर खोलीत राहायचे हे कोणी ठरवले? दुपारच्या चहाला कोणी नको म्हटले तर काय होते? भावाला टपरीवरचा कटिंग चहा आवडतो, आणि निवासापासून ती टपरी पाच-सात मिनिटांवर, रस्ता ओलांडून आहे. एका सोबत्याबरोबर त्याने तिथे जावे की नाही, यावर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. "हरवला तर?" "गाडी आली तर?" "कोणी पैसे काढून घेतले तर?" शेवटी टपरीवाल्याशी बोलून वही ठेवली गेली, रस्ता ओलांडण्याचा सराव झाला, आणि ते दोघे जाऊ लागले. धोका आहेच. तो रस्ता मीही ओलांडते तेव्हा असतोच.

स्वतःचे स्वतः ठरवू देण्याचा हा आग्रह काही जण पाश्चात्त्य म्हणून मोडीत काढतात. पण ज्या देशांत ही समज आली तिथे ती पापाच्या डोंगरावर उभी आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची बौद्धिक दिव्यांगांची मोठी संस्था होती. 1940 च्या दशकात तिथल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून दात कसे किडतात याचा अभ्यास केला गेला. त्यांच्या दातांची वाट लागली आणि दंतवैद्यकाला ज्ञान मिळाले. आपण मुलांना गोळ्या-चॉकलेटे सतत खाऊ नका म्हणून दटावतो त्यामागे त्या नकार न देऊ शकणाऱ्या माणसांचे दात आहेत. पुढे त्याच देशात, पालकांच्या संघटनेत काम करणाऱ्या बेंक्त नीर्ये यांनी 1969 मध्ये मांडले, की या माणसांच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षालाही इतरांसारखीच लय असली पाहिजे: उठणे, कामाला जाणे, सुट्टी, सण. 1994 पासून तिथे कायद्याने आधार मिळण्याचा हक्क दिला, आणि 1999 संपेपर्यंत जुन्या मोठ्या संस्था बंद करायचे ठरले. तिथल्या ग्रुप होममध्ये साधारण तीन ते पाच जण असतात आणि प्रत्येकाचे स्वतःचे छोटे घर असते, स्वतःच्या दारासह. मदतनीस आणि बैठकीची जागा सामाईक. मदतनिसांचा खर्च नगरपालिका उचलते. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे मान्य. पण न्हाणीघराच्या आतल्या कडीला किती पैसे लागतात?

कायद्यात आपणही मागे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो, की दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. त्याआधीच्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रौढांच्या सामूहिक निवासासाठी 'घरौंदा' आणि 1 लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्यासाठी 'निरामय' या योजना आहेत. याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व, म्हणजे प्रौढ झालेल्या मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, मिळते. अनेक पालक ते प्रमाणपत्र मिळाले की सुटकेचा निःश्वास टाकतात, जणू मुलाची सोयच लागली. पालकत्व म्हणजे घर नव्हे. पालक झालेल्याने 6 महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यायचा, इतपत कायदा काटेकोर आहे, परंतु त्या माणसाने सकाळी कुठे उठायचे हे त्यात कुठेच नाही. 2016 च्या कायद्याने एक पाऊल पुढे जाऊन मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली: विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट मुदतीपुरते आणि पालक व ती व्यक्ती दोघांनी मिळून. ती अजून कागदावरून फारशी उतरलेली दिसत नाही.

मरणाशी बांधलेल्या विचाराचा सर्वांत चोख नमुना मात्र प्राप्तिकराच्या कायद्यात सापडला. कलम 80 डीडी खाली दिव्यांग अवलंबितासाठी काढलेल्या विम्यावर सवलत मिळे, पण अट अशी की त्यातले वर्षासन पालकाच्या मृत्यूनंतरच सुरू व्हावे. पालक सत्तरीचा, मुलगा पंचेचाळिशीचा, खर्च आज समोर उभा, आणि पैसे मिळवण्यासाठी बापाने मरायला हवे. याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मान्य केली नाही, तरी अडचण खरी असल्याचे ओळखून केंद्राने फेरविचार करावा असे सुचवले; 2022 च्या अर्थसंकल्पाने बदल केला आणि पालकाने साठी गाठल्यावर हयातीतच रक्कम सुरू होण्याची वाट मोकळी झाली. निवासाच्या बाबतीतही आपल्याला नेमकी हीच दुरुस्ती करायची आहे, असे मला ती बातमी वाचताना वाटले.

सामूहिक निवासाच्या पुढचा टप्पा म्हणजे आधारासह स्वतंत्र राहणे: साध्या वस्तीतले भाड्याचे घर, त्यात दोघे-तिघे, आणि गरजेपुरता येणारा मदतनीस. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने 'होम अगेन' उपक्रमात हे मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी करून दाखवले आहे. तो मानसिक आजाराचा प्रांत, आपल्यापेक्षा वेगळा. पण भाड्याच्या घरात चार-पाच जणी शेजाऱ्यांसह नांदू शकतात एवढे त्यातून नक्की सिद्ध झाले. बौद्धिक दिव्यांगांसाठी आमच्या ओळखीच्या तीन पालकांनी शहरातल्या एका इमारतीत फ्लॅट घेऊन असा प्रयत्न केला. सोसायटीच्या सभेत आक्षेप आला तो लिफ्टमध्ये मुली असतात, असा. शाळकरी मुलींच्या सुरक्षिततेची काळजी मी समजू शकते. परंतु ज्यांच्यावर आक्षेप होता त्यांच्या वाट्याला स्वतःच किती अत्याचार येतात, आणि ते बंद दारांआड, ओळखीच्या माणसांकडूनच येतात, हे त्या सभेत कोणालाच माहीत नव्हते. म्हणून तर मला कुंपणापेक्षा ये-जा अधिक सुरक्षित वाटते. जिथे दूधवाला, शेजारीण, टपरीवाला आणि न कळवता येऊन थडकणारी बहीण असते, तिथे लपवाछपवी अवघड जाते.

आणि तक्रारीचेही आहेच. दुसरी जागा सहजी मिळत नाही हे माहीत असल्यामुळे पालक संस्थेविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत. जिथे पालकच विश्वस्त आहेत तिथे तर तक्रार करायची कोणाकडे, हाही पेच. आमच्याकडे विश्वस्त मंडळावर एकही असा माणूस नव्हता ज्याचे मूल तिथे राहत नाही. अलीकडे गावातल्या माध्यमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आहेत आणि त्या अडचणीचे प्रश्न विचारतात, ही चांगली गोष्ट झाली.

खरी नड आहे ती माणसांची. मावशी आणि दादा आसपासच्या खेड्यांतून येतात. पगार तुटपुंजा, रात्रपाळी जड. एखादी चांगली मावशी दोन वर्षांत सगळ्यांच्या खोडी शिकते आणि मग हजार-दीड हजार जास्त मिळतात म्हणून कारखान्याच्या कँटीनमध्ये जाते. तिला दोष देता येत नाही. पण ती जाते तेव्हा तिच्याबरोबर कान आणि दाढ यांची सगळी विद्याही जाते. बाबांची वही म्हणूनच आता निवासात प्रत्येकाची असते, आणि ती मावशीही लिहितात.

यापुढचा काळ अधिक अवघड आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर लवकर गाठतो. साठीपर्यंत निम्म्याहून अधिकांना स्मृतिभ्रंश होतो. आमच्या निवासाच्या नियमावलीत प्रवेशाची अट आहे, की व्यक्तीला स्वतःचे शौच-आंघोळ जमले पाहिजे. ज्याला आज जमते आणि पाच वर्षांनी जमेनासे होईल त्याचे काय, याबद्दल ती नियमावली गप्प आहे. एका रहिवाशाला आता रात्री-बेरात्री उठून दार उघडायची सवय लागली आहे, आणि रात्री एकच दादा असतो. संस्थापक पालक पंचाहत्तरीच्या पुढे गेल्यामुळे यंदा आम्ही काही भावंडे विश्वस्त मंडळावर आलो. कोणाला आपल्या आई-बाबांची जागा घ्यायची घाई नव्हती, पण सह्या करायच्या तर त्यांच्या देखत केलेल्या बऱ्या. पुढच्या बैठकीत रात्रपाळीसाठी दुसरा माणूस नेमण्याचा आणि नियमावलीतली ती अट बदलण्याचा विषय आहे. अट बदलायला सगळे तयार आहेत. मासिक शुल्क किती वाढवायचे यावर मात्र अजून एकमत नाही, कारण दोन कुटुंबांना आहे तेच जेमतेम झेपते आहे.